बिनअटीची विहीर

वसंता, सुलू,

हे तुम्हा दोघांना मिळून लिहिते आहे. एक प्रत नैरोबीला जाईल, एक दिल्लीला. वसंता, मागच्या पत्रात तू विचारलं होतंस की नोकरी लागली आहे, आजोबांच्या नावानं तुझ्या विद्यापीठाला काही द्यावं असं मनात आहे, तर ते द्यायची योग्य रीत कोणती. एकदम रक्कम द्यावी, ठेव ठेवून व्याजातून बक्षीस द्यावं, की मृत्युपत्रात लिहून ठेवावं? तुझ्या वयाच्या मुलानं मृत्युपत्राची भाषा करू नये, पण प्रश्न सरळ होता आणि मी तसंच सरळ उत्तर लिहायला घेतलं होतं. कागद अर्धा झाला आणि निपाणीहून निरोप आला की आक्का गेली.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, तुमची निपाणीची मोठी आज्जी. बेळगावात मुलींच्या वसतिगृहाला तिनं जागा दिली एवढं तुम्हाला ठाऊक आहे. कशी दिली ते ठाऊक नाही. अर्धा झालेला कागद मी पुन्हा वाचला. त्यातलं एकेक कलम मी पूर्वी तिला समजावून सांगितलं होतं आणि तिनं एकेक खोडलं होतं. तेव्हा तिच्याशी बोलल्याशिवाय मला तुमच्या प्रश्नाचं उत्तर देता येणार नाही. पुढचं तिला लिहिलं आहे. तुम्ही ऐका.

आक्का,

मी पोचले तोवर तुला नेलं होतं. दारातला सडा अजून ओला होता. तंबाखूची वखार त्या दिवशी बंद होती, तरी धांस घरभर होतीच आणि मी नेहमीसारखी आत शिरताच शिंकले. तुझी धाकटी जाऊ रडता रडता म्हणाली, "आक्का असत्या तर म्हणाल्या असत्या, आली बघा वकिलीणबाई."

मला एक गोष्ट चमत्कारिक वाटली. वकिलाच्या घरात जन्म काढल्यामुळे मी मरणानंतरची घरं बरीच पाहिली आहेत. दुसऱ्या दिवसापासून माणसं कोपऱ्यात कुजबुजायला लागतात. कुणी किल्ल्या शोधतं, कुणी उगीचच ट्रंकेजवळ बसतं. तुझ्या घरी तसलं काही नव्हतं. तुझी खोली सताड उघडी होती. पुतणे, सुना, वखारीतल्या बायका सगळे नुसते रडत होते. वाटून घ्यायला काही नव्हतंच. आणि मग मला तुझं ते बोलणं आठवलं.

माझ्या स्वयंपाकघरातली ती दुपार तुला आठवत असेल. तू निपाणीच्या मोटारीनं आलीस, सोबत नेहमीप्रमाणे तुझा पाण्याचा तांब्या, तोंडाला दुहेरी फडकं बांधलेला. मोटारीत कुणीतरी तुला विचारलं होतं की आज्जी, बेळगावात पाणी मिळत न्हाय काय? तू म्हणालीस, "मिळतंय की. पर त्यात कोण कोण ऱ्हातंय ते बघून प्यावं लागतंय."

आमच्या कॉलेज-कमिटीची मोठी अडचण तेव्हा चालू होती. कॉलेज निघून काही वर्षं झाली होती, मुलांची राहण्याची सोय होती, मुलींची नव्हती. निपाणी, चिकोडी, खानापूरकडच्या मुली मॅट्रिक होऊन घरी बसत होत्या. कमिटीवर बाई म्हणून मी एकटी, तेव्हा देणग्या मिळवायचं काम माझ्याकडे आलं. तुझ्याकडे तुझ्या नवऱ्यानं वखारीसाठी म्हणून घेतलेली बेळगावची जागा होती, काकतीच्या रस्त्याला. त्यात एक बसकं घर आणि बांधीव विहीर. वखार काही झाली नाही. ती जागा मला दिसत होती, पण बहिणीकडे मागायची कशी? म्हणून मी सगळ्या देणगीदारांना सांगायची तशी तुलाही प्रकारवार माहिती दिली.

पहिला प्रकार, रोख. तू पोळी लाटता लाटता म्हणालीस, "पैसा एकदा पेटीत पडला की कुणाचा आन कशाचा, काय कळतंय?"

दुसरा, ठेव ठेवून एका हुशार मुलीला शिष्यवृत्ती. "आन दुसरीनं काय करायचं? ती ढ म्हणून घरी?"

तिसरा, नवऱ्याच्या नावानं पदक. तू लाटणं थांबवलंस. "पदक? ते घालून मिरवायचं. जेवायचं कशात?"

चौथा प्रकार मला सगळ्यात सोयीचा वाटत होता. मृत्युपत्र. तुझ्या हयातीत जागा तुझ्याच ताब्यात राहील, भाडं तुला मिळेल आणि तुझ्या पश्चात ती कॉलेजला जाईल. कुणाचंच काही जात नाही. मी हे फार चांगल्या रीतीनं समजावलं असं मला वाटत होतं. तू माझ्याकडे बघतच राहिलीस.

"म्हंजे मी मरायची वाट बघत बसायचं व्हय त्या पोरींनी?"

"तसं नाही गं आक्का."

"तसंच की. त्या कमिटीतली माणसं वरीसभर इच्यारणार, निपाणीची म्हातारी कशी हाय? बरी हाय म्हटलं की त्यांचं तोंड उतरणार. चांगल्या चांगल्या माणसांच्या मनात मी माझ्या मरणाची विच्छा घालू? असलं पाप मला बेड."

नको म्हणायचं आणि त्यावर पुढे बोलणं नको असलं, की तू कानडीत बेड म्हणायचीस. आप्पांच्या वेळेपासून घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आक्काचं बेड म्हणजे विषय संपला.

मग तू हात धुतलेस आणि म्हणालीस, "दानं चार. आहार, औषध, शास्त्र, अभय. तुझी ही चार कुठली काढलीस गं? जागा देतो. आत्ताच देतो. पोरी शिकतील ते शास्त्रदान. फकस्त पाणी गाळून प्यायचं आन जिवाणी परत विहिरीत सोडायची, तेवढं कागदावर लिहून घे. ते अभयदान. एका विहिरीत दोन दानं. तुझ्या पदकात बसत्यात का दोन?"

(वसंता, सुलू, तुम्ही लांब वाढलात म्हणून सांगते. आपल्या जैन रीतीत पाणी फडक्यातून गाळल्यावर फडक्यावर जे सूक्ष्म जीव राहतात ते झटकून टाकायचे नाहीत. फडकं थोड्या पाण्यात खळबळायचं आणि ते पाणी ज्या विहिरीचं, त्याच विहिरीत परत सोडायचं. ती जिवाणी. वरून ओतलं तर जीव आपटून मरतील, म्हणून त्यासाठी बुडाला कडी असलेलं वेगळं भांडं असतं. ते पाण्यापर्यंत सावकाश उतरवायचं, टेकलं की दोरीला हिसडा द्यायचा, मग ते उलटं होतं. आमच्या आईनं हे आम्हा दोघींना चालायला लागल्यापासून शिकवलं. मी इंग्रजी शाळेत गेल्यावर ते सोडलं. आक्कानं सोडलं नाही.)

मी ती अट कमिटीपुढे नेली. आमचे अध्यक्ष डॉक्टर होते, सज्जन आणि स्पष्ट. ते म्हणाले, "गाळणं मला मान्य आहे. नारूच्या रोग्यांचे पाय मी रोज बघतो, साऱ्या जिल्ह्यानं पाणी गाळून प्यावं असं माझं मत आहे. पण गाळलेलं परत विहिरीत? बाई, हे तुमच्या बहिणीला तुम्हीच विचारा." आणि मग त्यांनी खरी अडचण सांगितली. आज एका देणगीदाराची धर्माची अट कागदावर घेतली, तर उद्या दुसरा येईल आणि लिहील की अमक्या जातीच्याच मुली ठेवा. त्याला कोणत्या तोंडानं नाही म्हणायचं? संस्थेला दिलेलं दान बिनअटी असावं.

मला ते पटलं. अजून पटतं. तुझं माझं भांडण इथूनच सुरू झालं आणि ते संपायच्या आत तू गेलीस.

तू म्हणालीस, बिनअटीचं दान म्हणजे रस्त्यावर टाकून दिलेलं सामान. मी म्हणाले, अट घातलेलं दान म्हणजे दोरी बांधून सोडलेली गाय. तू म्हणालीस, दोरी असती म्हणून गाय घरी येती. डॉक्टरांचा निरोप मी तुला शब्दशः सांगितला, नारूसकट. तू म्हणालीस, "माझ्या विहिरीला पायऱ्या हायत काय? कुणी पाय घालतंय काय आत? मग नारू कुठनं येतोय? त्या डाक्टरला म्हणावं, येऊन कठडा बघ." ते खरंच आले. वाकून आत पाहिलं आणि म्हणाले, या विहिरीपुरतं बाईंचं बरोबर आहे. तरी अट घ्यायला ते तयार झाले नाहीत. जातीच्या अटीचं त्यांचं म्हणणं मी तुला पुन्हा सांगितलं. ते ऐकून तू निपाणीला परत गेलीस आणि पुढच्या मोटारीनं आलेल्या माणसाबरोबर निरोप पाठवलास: बक्षीसपत्र बिनअटी करा, मी सही करते.

सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत आपण सगळे जमलो. डॉक्टर, कमिटीतले दोघे सद्गृहस्थ, मुलांचे आजोबा कागद घेऊन, मी आणि तू. तू नऊवारीचा पदर घट्ट घेऊन बाकावर बसलीस. कारकुनानं बक्षीसपत्र मोठ्यानं वाचलं. सगळं बिनअटी. तू मान डोलावलीस. लेखणी हातात घेतलीस. तेवढ्यात त्या दोघांतले एक गृहस्थ सहज बोलावं तसं बोलले, की वसतिगृहाच्या नियमात आम्ही एक पाणक्या ठेवणार आहोत, दोरीला हात तोच लावील, म्हणजे वेगवेगळ्या समाजाच्या मुली आल्या तरी कुणाचा प्रश्न येणार नाही.

तू लेखणी खाली ठेवलीस.

"कुणाचा प्रश्न?"

"म्हणजे, आज्जी, सगळ्याच जातींच्या मुली येणार. काही गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्याही असतील. त्यांनी विहिरीवर..."

"व्हय, त्यांनी विहिरीवर काय?"

कारकून वर बघायला लागला. तू माझ्याकडे वळलीस. इतक्या वर्षांत तुझा तसा आवाज मी ऐकला नव्हता, फार हळू होता. "धाकटे, तूच म्हणालतीस न्हवं, दानाला अट नसावी. मी माझी अट सोडली. माझे जीव सोडले. आता ही माणसं माझ्या विहिरीला आपली अट घालाल्यात. मी घालायची न्हाय आन त्यांनी घालायची?"

गृहस्थ म्हणाले, "ही अट नाही, व्यवस्था आहे."

"मग माझी बी व्यवस्थाच होती की."

मुलांच्या आजोबांना हसू आवरेना, ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. दुसरे गृहस्थ समजुतीनं म्हणाले, आज्जी, तुम्ही स्वतः सोवळ्यानं राहता, तुम्हालाच उद्या तिथलं पाणी चालायचं नाही. तू म्हणालीस, "मला चालंल का न्हाय ते माझं मी बघीन. विहीर मी माझ्यासाठी देत न्हाय." मग तू उठलीस, तांब्या उचललास आणि म्हणालीस, "पाणक्या असंल तर बेड."

डॉक्टर दारापर्यंत धावले. पाणक्या रद्द झाला. कमिटीच्या वतीनं त्यांनी तिथेच तसं कबूल केलं आणि नंतर बैठकीत मंजूर करून घेतलं. त्या दोघांतल्या एकानं राजीनामा दिला. तू कानडीत सही केलीस, अक्षरं मोठी आणि गोल, आणि मोटार चुकेल म्हणून चहा न घेता गेलीस. सूर्यास्ताआधी घरी पोचून तुला जेवायचं होतं.

त्या दिवशी माझं तत्त्व तू माझ्याहून पक्कं धरलंस हे मला कळलं होतं. घरी आल्यावर मुलांच्या आजोबांना बोलले, तुला नाही.

वसतिगृह सुरू झालं तेव्हा तू कोनशिला लावू दिली नाहीस. आलीस ती तीन वस्तू घेऊन. विहिरीला लोखंडी कप्पी, गाळायला जाड पांढरं फडकं आणि बुडाला कडी असलेली आईची पितळी कळशी. कप्पी तू स्वतः उभी राहून बसवून घेतलीस. ओढून पाहिलीस, तेल घालायला लावलंस, पुन्हा ओढून पाहिलीस. मी म्हणाले, इतकं काय त्या कप्पीचं? तू म्हणालीस, "हात बघू." आणि माझा तळवा उलटा-पालटा करून सोडून दिलास.

हे तू नेहमीच करायचीस, भेटल्याबरोबर हात बघू म्हणायचीस. ते त्या दिवशी मला उलगडलं. आप्पांनी मला बेळगावला शिकायला ठेवलं ते लांबच्या नातेवाइकांकडे. तिथे शाळेआधी घरादाराचं पाणी मी शेंदायची. नुसत्या हातानं, कप्पी नव्हती. तू सासरहून एकदा भेटायला आलीस, तेव्हा माझ्या हातावरचे फोड पाहिलेस. आप्पांना काही सांगू नको म्हणून मी तुझे पाय धरले, कारण शाळा सुटली असती. तू सांगितलं नाहीस. तुझी स्वतःची शाळा लग्नापायी कधी सुरूच झाली नव्हती. त्या हातांचं तू मनात किती वर्षं ठेवलंस ते मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, "काय बोलालीस, कवाचं काय."

पहिल्या वर्षी आलेल्या मुलींत एक शेवंता होती, चिकोडीकडची. पाणक्याचा विषय ज्या मुलींवरून निघाला होता, त्यांपैकी एक. तू आलीस की विहिरीवर बसून सगळ्यांना गाळायला आणि जिवाणी सोडायला शिकवायचीस. अट म्हणून नाही, आम्हा दोघींना आईनं शिकवलं तशी. मुली खिदळायच्या. एकीनं विचारलं, आज्जी, या किड्यांना तिकीट काढून परत गावी पाठवायचं व्हय? तू म्हणालीस, "तुला सुट्टीत पाठवत्यात तसंच." शेवंताच्या हातून कळशी एकदा अर्ध्यावरच कलंडली आणि पाणी वरून आदळलं. ती घाबरून तुझ्याकडे बघायला लागली. तू म्हणालीस, "कप्पी हाय, घाई कशाला? परत सोड." मग तिनं गाळलेलं पाणी तू तुझ्या तांब्यात घेतलंस आणि निपाणीच्या मोटारीत बसलीस. ते वाटेत प्यायलीस की नाही हे मी पाहिलं नाही आणि त्याची गोष्ट मी रचणार नाही. तांब्या भरून नेलास एवढं मी पाहिलं.

दोन उन्हाळ्यांनंतर मुली बदलल्या. गाळणं डॉक्टरांनी विहिरीवर लावलेल्या पाटीमुळे टिकलं, जिवाणी मागे पडली. तू आलीस तेव्हा कळशी कोठीत होती, तिच्यात कुणीतरी केरसुण्या उभ्या केल्या होत्या. तू त्या काढल्यास, कळशी चिंचेनं घासलीस आणि मला म्हणालीस, "बघ. लिहिलं असतं तर?" मी म्हणाले, लिहिलं असतं तर लिहिलेलं राहिलं असतं, कळशी इथेच असती. तू म्हणालीस, "तुझं विंग्रजी लई चांगलं गं, पर माझे जीव मेले." त्यानंतर प्रत्येक भेटीत आपण हे भांडण थोडं थोडं केलं. शेवटच्या भेटीत तुला ऐकायला कमी येत होतं, तरी निघताना तू पायरीवरून मागे वळून म्हणालीस, "लिहायला पायजे होतं." मी मोठ्यानं म्हणाले, नव्हतं. तू हसलीस. ऐकू आलं म्हणून हसलीस की नाही, ठाऊक नाही.

वसंता, तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर असं. जे द्यायचं ते जिवंतपणी दे, म्हणजे तुझ्या मरणाकडे कुणाचे डोळे लागणार नाहीत. निपाणीच्या त्या घरात मी हे पाहिलं: सगळे नुसते रडत होते. अट घालू नकोस, आणि घेणाऱ्यालाही घालू देऊ नकोस. आणि जमलं तर देऊन झाल्यावर तिथे जात राहा. हे तिसरं मी देणगीदारांसाठीच्या माहितीत कधीच लिहिलं नव्हतं, कारण ते कागदाचं काम नाही.

आक्का, सुतक फिटल्यावर मी वसतिगृहात गेले. कुणाला काही न सांगता सकाळीच गेले. विहिरीवर दोन मुली होत्या, मला न ओळखणाऱ्या. एक शेंदत होती, दुसरीच्या हातात आईची कळशी होती, दोरीला बांधलेली. ती सावकाश खाली सोडली, वाकून पाहिलं, हिसडा दिला. मी विचारलं, हे काय करतेस? ती म्हणाली, "इथं असंच करत्यात." कुणी सांगितलं? म्हणे, शेवंताबाईंनी. शेवंता आता बेळगावातल्याच शाळेत मास्तरीण आहे, रविवारी येते. रोज करता का, विचारलं. तिनं खरं सांगितलं, "रोज न्हाय. आठवलं की."

शिल्लक आहे ते इतकंच. जागा कॉलेजच्या नावावर आहे. विहिरीला पाणी आहे, कप्पी चालते, दोरी कुणीही ओढतं. कळशीला पोचा आला आहे, कडी शाबूत आहे.